सदतीस विहिरींची पाटी

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अकोल्यात बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, तळहाताएवढ्या एका जुन्या संगणकाने वायरलेस नेटवर्क पकडलं. हा तिसरा प्रयत्न होता. बॅटरी एक्केचाळीस टक्के उरली होती. संगणकाचे मालक काउंटरच्या आत स्टुलावर बसले होते आणि दुकानाचे मालक त्यांच्या सांगण्यावरून दारात पहारा देत होते.

त्या संगणकात तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या सदतीस विहिरींच्या पाण्याच्या पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. आणि दोन दिवसांनी, मंगळवारी, त्या गावातल्या एका विधवेला पाण्यात वाटा मिळणार की नाही, याचा निर्णय पंच या नोंदी पाहून करणार होते.

संगणकाच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या अमरावतीतल्या घरी वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिलो. पुढे माझी बदली वृत्तपत्राच्या अकोला कार्यालयात झाली, तरी येणं-जाणं राहिलं. भाऊ एका विज्ञान महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. कोणी ‘सर’ म्हटलं की ते जागच्या जागी दुरुस्ती करत. “मी सर नोहो. सर वर्गात असते. मी बाटल्या धुवत होतो.”

खोली पाहायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरी, आडनाव, पगार यांपैकी काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “लहानपणी कोणतं पाणी पिलं?”

“नदीचं,” मी म्हणालो.

“सरळ का नळातून?”

“नळातून.”

“मंग तुमाले काही समजत नाही,” असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तिथल्या बहुतेक विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, दाळ शिजत नाही आणि भाजीपाला धरत नाही. मधूनच एखादी विहीर गोडी निघते आणि ज्याच्या शेतात ती निघते त्याचं नशीब बदलतं. भाऊंच्या मामाचं, तेल्हाऱ्याजवळचं ते गाव याच पट्ट्यात. ते महिन्यातून एकदा एसटीने दर्यापूर, अकोटवरून तिथे जात. जाताना डाव्या खिडकीशी आणि येताना उजव्या खिडकीशी बसत, म्हणजे दोन्ही वेळा रस्त्याची तीच बाजू आणि त्याच विहिरी दिसत. ती जागा मिळाली नाही तर बस सोडून देत. एकदा लागोपाठ तीन बस सोडल्या, असं त्यांच्या पत्नीने मला सांगितलं. भाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दोन.”

एका खेपेत सहा विहिरी होत. प्रत्येक विहिरीवर ते आधी पाणी चाखत आणि चार शब्दांपैकी एक नोंदवत: गोड, मचूळ, खारट, कडू. मग बाटली भरून घरी आणत. दुसऱ्या दिवशी अंगणात वातीचा स्टोव्ह लागे. एका शेतातली, एका हंगामातली तूरदाळ त्यांनी पिंपभर घेऊन ठेवलेली असे. एक मूठ दाळ, मोजून पाणी, झाकण, मनगटावरचं घड्याळ. दाळ किती मिनिटांत शिजली ते लिहायचं. तासाभरात शिजली नाही तर ‘नाही’ असं लिहायचं. सहा बाटल्या म्हणजे सहा वेळची दाळ. शिजलेली घरात खाल्ली जाई, न शिजलेली शेजारच्या म्हशीला.

“लोकाईच्या नवऱ्याले दारूचं असते,” काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या. “माह्यावाल्याले दाळीचं हाये.”

पाण्यातला क्षार मोजणारं पेनासारखं मीटर बाजारात मिळतं. मी एकदा त्यांना ते आणून दिलं. त्यांनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाले आणि परत केलं. कारण विचारलं तर म्हणाले, “त्याले तहान लागत नाही.”

नोंदी आधी वह्यांमध्ये होत्या. त्या वाळवीने खाल्ल्या. त्यानंतर, पंधरा वर्षांपूर्वी, बंगळुरूला असलेल्या भाच्याने त्याचा वापरातून गेलेला हातातला संगणक त्यांना दिला. काडीने पडद्यावर लिहायचं. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ तो स्वतःच टाकायचा. भाऊ त्याला पाटी म्हणत. प्रवासात ती तीन पुडांच्या डब्यात असे: वरच्या पुडात लोणचं, मधल्यात पाटी, खालच्यात भाकरी. अकोटच्या एका कंडक्टरने मधल्या पुडात काय म्हणून विचारलं होतं. “पाटी,” भाऊ म्हणाले. कंडक्टरने तिकीट फाडलं.

पाटीतल्या नोंदींची नक्कल करून ठेवा, असं भाच्याने, मी आणि काकूंनीही अनेकदा सांगितलं. त्यांचा नकार ठाम होता आणि त्याला कारण होतं. महाविद्यालयात साहित्याच्या दोन नोंदवह्या असत. एकीत ब्युरेट, म्हणजे मापाच्या काचनळ्या, बारा होत्या, दुसरीत अकरा. आठ महिने चौकशी चालली. बारावी ब्युरेट कपाटामागे सापडली, पण भाऊंकडे कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. “एकच वही असती तं एकच खरं राह्यलं असतं,” ते म्हणत. “नक्कल झाली का खऱ्याले भाऊबंद होते. मंग वाटणी आली.”

त्या जानेवारीत पाटीचं खालचं सॉकेट खिळखिळं झालं. कपडे वाळत घालायचा चिमटा लावून वायर दाबून धरली तर चार्जिंग होई, पण संगणकाशी जोडणी होत नसे. चार्जिंगही कधी होई, कधी नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. घरी असताना ते दर तासाला चिमटा पाहून येत, हे काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कुसुमबाई अमरावतीला आल्या. पन्नाशीच्या, गावातल्या माळी कुटुंबातल्या, भाजीपाला करणाऱ्या. मी तेव्हा तिथे होतो. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीची वाटणी झाली. वरचं शेत आणि वरची विहीर दिराला, खालचं शेत आणि खालची विहीर त्यांच्या नवऱ्याला. खालच्या विहिरीचं पाणी खारं. वांगी होत, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, होत नसे. नवरा भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने वाटणी मान्य केली. तीन वर्षांपूर्वी तो वारला. आता कुसुमबाई वरच्या विहिरीच्या पाण्यात वाटा मागत होत्या. दिराचं म्हणणं असं की, वाटणीच्या वेळी खालची विहीरही गोडीच होती. यांनी शेजारी बोअर मारलं आणि पाणी नासवलं, त्याला तो काय करणार. पंचांनी पुरावा मागितला होता.

“पाटीत असन न, भाऊ?” कुसुमबाईंनी विचारलं.

“आहे. सगळं आहे.”

“मंग कागदावर काहाडून द्या.”

“कागदावर नाही येत. तिथी येऊन वाचून दाखवतो.”

“दीर म्हनते, त्या डबीत त्याईनं काल काय लिवलं अन् आज काय लिवलं कोन पाह्यलं? हातानं उतरवलेलं बी नाही चालत म्हनते. मशीनीतून निंघालेला कागद पाह्यजे, अन् साऱ्या इहिरीचा. माह्या एकटीच्या इहिरीचा आनला तं निवडून आनला म्हनन.”

भाऊ स्टोव्हची वात खालीवर करायला लागले.

“पंधरा वर्सं आमच्या इहिरीचं पानी पेले तुमी,” कुसुमबाई म्हणाल्या. “आता साक्ष द्याची येळ आली तं दातखीळ बसली का? वाटा नाही भेटला तं मले वावर इकून पोरीच्या दारात जाऊन बसा लागन. तिची सासू कशी हाये, मालूम हाये तुमाले.”

त्या गेल्यावर भाऊ तासभर अंगणात बसले. मग वर येऊन माझ्या दाराशी उभे राहिले. त्या दिवशी मी जुन्या खोलीतच उतरलो होतो. “पत्रकार,” ते म्हणाले, “नक्कल कशी कराची असते?”

पाटीच्या डोक्यावर कार्ड घालायची फट होती. साठवणुकीचं कार्ड घालून पाहिलं, पण दुकानात मिळणारी कार्डं त्या यंत्राच्या मानाने फार मोठ्या क्षमतेची होती. पाटीने त्यांना ओळखलं नाही. भाच्याने यंत्राबरोबर एक वायरलेस कार्डही पाठवलं होतं. काडेपेटीएवढं, एका टोकाला काळा उंचवटा असलेलं. ते अजून प्लास्टिकमध्येच होतं. फोनवर भाच्याने सांगितलं की कार्डाचं सॉफ्टवेअर त्याने तेव्हाच आत भरून ठेवलं आहे, फक्त नेटवर्क जोडायचं.

पहिला प्रयत्न घरीच, माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर केला. पाटीला नेटवर्कचं नाव दिसलं. पासवर्ड घातला. चुकीचा आहे, असं उत्तर आलं. भाऊंनी पासवर्डचं एकेक अक्षर मोठ्याने वाचत सात वेळा घातला. पासवर्ड बरोबर होता. कार्ड ज्या काळातलं होतं त्या काळात आजच्या पद्धतीचं कुलूपच नव्हतं, त्यामुळे किल्ली असून उपयोग नव्हता. दुसरा प्रयत्न आमच्या अकोल्याच्या कार्यालयात झाला. तिथल्या नेटवर्कचं कुलूप उतरवायला तंत्रज्ञाने नकार दिला. तो नियमाला धरूनच होता.

झेरॉक्सवाले माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे जुना संगणक होता आणि खणात त्याहून जुना राउटर. रविवारी सकाळी त्यांनी तो पुसून लावला आणि बिनकुलपाचा चालू केला.

“म्हणजे रस्त्यावरचा कोणीबी आत येऊ शकते?” भाऊंनी विचारलं.

“अर्ध्या घंट्यात कोण येते, भाऊ?”

“तुमी दारात उभे राहा.”

“दुकान माझं आहे.”

“म्हणूनच.”

झेरॉक्सवाले दारात उभे राहिले. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आधार कार्डाची प्रत काढायला आलं. “मोबाईल बंद करून या,” भाऊंनी आतून आवाज दिला. गिऱ्हाइकाने बंद केला.

कार्ड फटीत सरकवलं. पडद्यावर सूचना आली की हे कार्ड जास्त वीज खातं, पुढे जायचं का. भाऊंनी सूचना दोनदा वाचली, बॅटरीचा आकडा कागदावर लिहिला आणि ‘हो’वर काडी टेकवली. नेटवर्कच्या पत्त्याचे आकडे हाताने भरायचे होते. मी सांगायचो, ते मोठ्याने म्हणायचे, लिहायचे, पुन्हा म्हणायचे, मग पुढचा. यात नऊ मिनिटं गेली. नेटवर्क सापडलं नाही. शेवटच्या आकड्याआधीचा बिंदू राहिला होता. तो त्यांनीच शोधला. बिंदू टाकला आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागला. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फाइल दुकानातल्या संगणकावर यायला सव्वीस मिनिटं लागली. दोनदा तुटली, दोनदा पुन्हा सुरू केली. बॅटरी एकोणीस टक्क्यांवर असताना काम झालं. भाऊंनी कार्ड काढलं, चिमटा लावला आणि कागद काढायला सांगितलं.

चौतीस पानं निघाली. ती त्यांनी दुकानाच्या फरशीवर ओळीने मांडली आणि उकिडवे बसून वाचायला लागले. पाटीच्या पडद्यावर एका वेळी एकच नोंद दिसायची. सगळे रकाने शेजारीशेजारी त्यांनीही आज पहिल्यांदाच पाहिले होते. पाऊण तास ते एकेका ओळीवरून बोट फिरवत होते. गिऱ्हाइकं पानांना वळसा घालून जात-येत होती.

“पत्रकार, इकडे या,” शेवटी ते म्हणाले. “ही विहीर पाहा. जीभ म्हणते गोड. दाळ म्हणते नाही. ही पाहा. गोड, नाही. ही बी. अशा चौदा विहिरी आहे. अन् ह्या तीन पाहा, याईची जीभ मचूळ म्हणते अन् दाळ वीस मिनिटांत शिजते.”

“मग चूक कोणाची?”

त्यांनी झेरॉक्सवाल्यांना विचारलं, “तुमच्या घरी पाव्हणा आला तं पाण्यासंग काय देता?”

“काही नाही. फ्रिजची बाटली.”

“तुमचं गाव गोड्या पाण्याचं.”

“हो.”

भाऊ पुन्हा पानांकडे वळले आणि त्या विहिरींच्या मालकांची घरं बोटांवर मोजली. मग सांगितलं. त्या गावात विहिरीवर जाण्याआधी मालकाच्या घरी जावं लागे. ज्यांचं पाणी खारं त्यांच्या घरी पाहुण्याला आधी गुळाचा खडा मिळे. खारट पाणी पाहुण्याच्या तोंडात कसं घालायचं, म्हणून. ज्यांची विहीर गोडी त्यांना गुळाची गरज नसे. ते नुसता तांब्या देत, आणि आधीच्या घरच्या गुळापुढे ते गोडं पाणी जिभेला मचूळ लागे. भाऊ गूळ खाऊन विहिरीवर जात आणि चाखून ‘गोड’ असं लिहीत. पंधरा वर्षं त्यांनी गुळाची चव नोंदवली होती.

कुसुमबाईंच्या विहिरीसमोर, वाटणीच्या वर्षी, जिभेच्या रकान्यात दोन्ही वेळा ‘गोड’ होतं. दाळीच्या रकान्यात दोन्ही वेळा ‘नाही’.

“जिभेचा रकाना काढून छापता येईल,” मी म्हणालो. “दाळीचा एकटा पुरेसा आहे.”

“काढता येते न?”

“दोन मिनिटांत.”

“मंग तुमी कुसुमबाईचा दीर झाले,” ते म्हणाले आणि पानं गोळा केली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला गावातल्या सोसायटीच्या गोदामात पंच बसले. पाच पंच, सतरंजीवर. दीर एका बाजूला, कुसुमबाई दुसऱ्या बाजूला, मागे साठ-सत्तर माणसं. कागद आधी दिराच्या हातात गेले. त्याने आपल्या उपयोगाची ओळ लवकर शोधली.

“हे पाहा. वाटणीचं साल. गोड! पुन्ना गोड! भाऊनंच लिवलं, मी नाही लिवलं.”

कुसुमबाईंनी भाऊंकडे पाहिलं. “भाऊ, काय हे?”

भाऊ उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, पण घातला नाही. “तो शब्द माझा आहे,” ते म्हणाले. “अन् तो चूक आहे. या कागदावरचा जिभेचा सारा रकाना चूक आहे. मी तुमच्या घरी गूळ खाऊन पाणी चाखत होतो. हे मले रविवारी समजलं. पंधरा वर्सं नाही समजलं. बाजूचा रकाना पाहा. दाळीनं गूळ खाल्ला नव्हता.”

मागे कोणीतरी हसलं. “जनमभर बाटल्या धुतल्या अन् तोंड धुवाचं राह्यलं,” असा आवाज आला. भाऊंनी ते ऐकलं. ते उभेच राहिले.

दीर म्हणाला, “आता फसले तं गूळ आठवला! हा म्हातारा बाईच्या बाजूनं बोलून राह्यला.”

मधल्या पंचांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून बाजूला ठेवला आणि दिराला विचारलं, “तुह्या बापाच्या घरी म्या पन्नासदा पानी पेलो. संग काय देत होता तुहा बाप?”

दीर मागे बसलेल्यांकडे पाहायला लागला.

“सांग न बापा. सारे बसले हाये.”

“गूळ.”

“कोनत्या इहिरीचं पानी राहे घरात?”

“खालच्या. तेच घराजवळ हाये.”

“अन् वाटनी झाल्यावर तुह्या घरी वरच्या इहिरीचं येते. आता गूळ देतं का?”

दिराने खाली पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, “आता चहाच्या गोष्टी करते फकत, चहा नाही पाजत.” या वेळी हसणारे जास्त होते. दीरही ओठाच्या कोपऱ्यातून हसला, हे मी पाहिलं.

कुसुमबाई हसल्या नाहीत. त्या भाऊंना म्हणाल्या, “सासू म्हने, भाऊ कालेजातला मानूस, त्याले खारट पानी कसं द्याचं. म्याच देत होती गूळ. मोठा खडा.”

“मोठाच असे,” भाऊ म्हणाले आणि खाली बसले.

निर्णय दुपारी सव्वा वाजता झाला. वरच्या विहिरीचं पाणी आठवड्यातून तीन दिवस कुसुमबाईंना, सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सकाळी सात ते दहा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाइप कुसुमबाईंनी टाकायचा, वाट दिराने द्यायची. दिराने सही केली. पंचांनी भाऊंची साक्ष म्हणून सही मागितली. त्यांनी कागदाच्या प्रत्येक पानावरचा जिभेचा रकाना पेनाने उभा छेदला, चौतीसही पानांवर, आणि मगच सही केली. याला वीस मिनिटं लागली. सगळे थांबले.

परतीच्या बसमध्ये त्यांना हवी ती खिडकी मिळाली नाही. तरी ते बसले. अकोटपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

त्यांच्याबद्दल अमरावतीत अनेक गोष्टी सांगितल्या जातात. त्यानंतर त्यांनी गोड खाणं सोडलं, असं एक शेजारी सांगतात. त्याला दुजोरा मिळाला नाही. काकूंनी ते साफ नाकारलं. गावात त्यांना ‘गूळवाले भाऊ’ म्हणतात हे खरं आहे. पुढच्या महिन्यात ते नेहमीप्रमाणे गावी गेले आणि ज्या सहा विहिरींचा नंबर होता त्यांच्यावर, कोणाच्याही घरी न थांबता, सकाळी उपाशीपोटी गेले. दोन घरांनी त्याचा राग धरला. त्यातल्या एका घरच्या म्हातारीने पुढच्या खेपेला विहिरीवरच ताट आणून ठेवलं होतं.

पाइप निर्णयानंतर सोळा दिवसांनी पुरा झाला. त्या गुरुवारी सकाळी सात वाजता दिराने स्वतः मोटार सुरू केली. भाऊ वरच्या धुऱ्यावर घड्याळ घेऊन उभे होते, मी खाली. कुसुमबाई वाफ्यात फावडं घेऊन उभ्या होत्या. पाइपच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. कुसुमबाईंच्या पहिल्या वाफ्यात पाणी सात वाजून अकरा मिनिटांनी पोहोचलं.